रॉकपोर्टचे दप्तर

पेडणे आणि डिचोली ह्या महालांतील जुन्या घराण्यांना दप्तर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले व 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या सावंतवाडीकरांच्या सनदा, मोडीतील वहिवाटीचे कागद आणि त्यानंतरचे पोर्तुगीज भाषेतील दाखले आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एकाच गाठोड्यात बांधलेले सापडतात. वाळवी, पावसाळी दमट हवा आणि भाऊबंदकी ह्या तिन्हींतून जे वाचले, त्यावरच ह्या भागाचा इतिहास लिहिला गेला आहे.

ह्या अंकासाठी आम्ही निवडलेला विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. मोटारींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम आणि त्याचा इंटरनेटवर खेळला गेलेला उत्तरभाग, असा तो विषय आहे. पोरांच्या खेळाला इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याच घरांतील मुलांनी ज्या गोष्टींत आपले तासन् तास घातले, त्यांचे कागदपत्र उरणार की नाही, हा प्रश्न दप्तर जपणाऱ्यांनी विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

आरंभ करावा लागतो तो 'रोड फायटर'पासून. कोनामी ह्या जपानी कंपनीने १९८४ मध्ये हा खेळ नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांसाठी काढला आणि १९८५ मध्ये तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम ह्या घरगुती यंत्रासाठी आणला. टीव्हीला जोडून खेळण्याच्या अशा यंत्राला कन्सोल म्हणतात. मूळ फॅमिकॉम आपल्या घरांत क्वचितच कोणी पाहिला असेल. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला, आणि त्यांना सर्वजण नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत. त्यात घालावयाच्या ठोकळ्याला 'कॅसेट' म्हणत. कॅसेटवर लाखालाखांचे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ आलटूनपालटून येत. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट बाहेर काढून तिच्या पट्टीवर फुंकर मारायची, हा उपाय पणजी-म्हापशापासून पुण्या-मुंबईपर्यंत प्रत्येक मुलाला कोणी न शिकवता ठाऊक होता.

रोड फायटरचा रस्ता पडद्यावर वरून खाली धावे. आपली गाडी तांबडी, वेग ताशी ४०० किलोमीटरपर्यंत, आणि इंधन क्षणोक्षणी घटणारे. काही गाड्या सरळ जात, काही मुद्दाम आडव्या येत. दुसऱ्या गाडीचा धक्का लागला तर आपली गाडी घसरे व क्वचित सावरताही येई. ट्रकला लागली की मात्र संपलेच. रंगीबेरंगी गाडीला स्पर्श केला की थोडे इंधन मिळे. घरगुती आवृत्तीत असे चार टप्पे होते. डिचोलीच्या वाचकांना ट्रकचे हे महत्त्व निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत खनिजाच्या ट्रकांची रांग त्यांनी रोज पाहिलेली आहे, आणि त्या रस्त्यावर दुसरा डाव मिळत नसे.

ह्या खेळाचा मोसम म्हणजे चवथ. मुंबई, पुणे, बेळगाव येथे विखुरलेली भावंडे गणपतीला मूळ घरी जमत. वर माटोळी, समोर मखर, आणि आतल्या खोलीत एकुलत्या एका टीव्हीपुढे डझनभर मुले. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की पडदा आकसे आणि कोणाचा तरी डाव फुकट जाई. त्यावरून होणारे भांडण आरतीच्या घंटेनेच मिटे. आमच्या पाहण्यात एका घरातील वृद्ध आत्याबाई बराच वेळ तो खेळ पाहून विचारत्या झाल्या, "अरे, ही गाडी पोचते तरी कुठे?" मुले हसली. प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. त्या रस्त्याला गाव नव्हते, वळून मागे जाण्याची सोय नव्हती. टप्पा संपला की पुढचा टप्पा, एवढेच.

शर्यतीच्या खेळाला गाव मिळाले ते पुढच्या पिढीत. १९९४ मध्ये 'नीड फॉर स्पीड' ही मालिका थ्रीडीओ नावाच्या कन्सोलवर सुरू झाली. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनसाठी 'ग्रान तुरिस्मो' आला, आणि गाड्यांचे वजन, टायरांची पकड, गिअरांचे प्रमाण ह्यांचे गणित घरच्या पडद्यावर उतरले. काझुनोरी यामाउची ह्यांनी त्यासाठी सुमारे पाच वर्षे खर्ची घातली होती. परंतु आपल्या भागातील मुलांच्या तोंडी जे नाव बसले ते नोव्हेंबर २००५ मध्ये निघालेल्या 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड'चे. तो कॅनडातील ई.ए. ब्लॅक बॉक्स ह्या संस्थेने घडविला. प्लेस्टेशन २ पासून साध्या संगणकापर्यंत अनेक यंत्रांवर तो चाले, आणि त्यामुळे ज्यांच्या घरी कन्सोल नव्हता त्यांनाही तो सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने खेळता आला.

ह्या खेळातील गावाचे नाव रॉकपोर्ट. अमेरिकन धर्तीचे हे काल्पनिक शहर. बंदर, कारखाने, महाविद्यालयाचा परिसर, टेकडीवरचे बंगले, आणि ह्या सर्वांना वेढणारा महामार्ग. हवा सदैव शरद ऋतूची. पिवळट उन्हात पाने उडत असावयाची. कथा अगदी साधी. नायकाची निळी-रुपेरी बी.एम.डब्ल्यू. एम३ जी.टी.आर. कपटाने जिंकून घेतली जाते, आणि ती परत मिळविण्यासाठी त्याला पंधरा प्रतिस्पर्ध्यांची 'ब्लॅकलिस्ट' खालून वर सर करावी लागते. त्या यादीच्या शिरोभागी रेझर बसलेला असतो. नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही, पोलिसांशीही झुंजावे लागते. आपण जितका उपद्रव करू तितकी पोलिसांची तीव्रता चढत जाते. आधी साध्या गाड्या, मग रस्त्यावर अडथळे, मग खिळ्यांच्या पट्ट्या, शेवटी डोक्यावर हेलिकॉप्टर. निसटायचे तर एखाद्या आडोशाला गाडी बंद करून निमूट बसायचे आणि खालची पट्टी भरण्याची वाट पाहायची. ह्या निमूट बसण्यात वेगापेक्षा अधिक थरार होता, असे त्या काळी खेळलेले आजही सांगतात.

येथे एक गोष्ट संकोच न करता नमूद केली पाहिजे. आपल्याकडे ह्या खेळाच्या ज्या तबकड्या फिरल्या, त्यांतील कितीतरी नकल केलेल्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने ते समर्थनीय नाही. पण इतिहासाची दृष्टी थोडी वेगळी असते. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले; त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो मराठी ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे, आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापता आला. नकल ही मूळ मालकाला कितीही अप्रिय असली, तरी जतनाचे सर्वांत जुने साधन तीच आहे. मोस्ट वाँटेडची एक तबकडी आणि ती चालविणारे एक यंत्र शिल्लक असेल, तोवर रॉकपोर्ट जसेच्या तसे उभे आहे. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

आता उत्तरभागाकडे वळू. जानेवारी २००५ मध्ये बी.एस.एन.एल.ने ब्रॉडबँड सेवा आणली. २५६ के.बी.पी.एस. हा वेग आज हास्यास्पद वाटेल. काही योजनांत रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंत वापर मोफत असे, आणि त्या आशेने मुले गजर लावून उठत. घरातील वडीलधाऱ्यांना वाटे, परीक्षेचा अभ्यास चालला आहे. अशा वेळी, २७ जुलै २०१० रोजी, 'नीड फॉर स्पीड : वर्ल्ड' हा खेळ सुरू झाला. मोस्ट वाँटेडचे रॉकपोर्ट आणि २००६ च्या 'कार्बन' ह्या खेळातील पामाँट ही दोन्ही शहरे त्यात एकमेकांना जोडली होती. खेळायला पैसे पडत नसत. निवडक गाड्या व सोयी मात्र 'स्पीडबूस्ट' नावाच्या चलनात विकत घ्याव्या लागत, आणि ते चलन खऱ्या पैशांनी मिळे. जुन्या रॉकपोर्टमध्ये आपण एकटे होतो, बाकीच्या गाड्या यंत्र चालवीत असे. नव्यात शेजारून जाणारी गाडी ब्राझिलमधला, रशियातला किंवा सिंगापूरमधला कोणी जिवंत माणूस हाकत असे.

हा फरक फार मोठा होता. शर्यती त्याच, वळणे तीच. पण आता त्या गावाला रहिवासी आले. ठरावीक चौकात जमणे, एकमेकांच्या गाड्यांची रंगरंगोटी न्याहाळणे, नवख्याला रस्ता दाखविणे, काही न करता दहा-पंधरा गाड्यांनी रांगेने समुद्रकाठाने हिंडणे, ह्या गोष्टी खेळाच्या नियमांत कोठेच लिहिलेल्या नव्हत्या. त्या लोकांनी केल्या. समाजेतिहास ज्याला म्हणतात तो हाच, आणि आमचे कुतूहल शर्यतीपेक्षा ह्याच भागाविषयी अधिक आहे.

परंतु हे गाव कोणाच्याही घरात नव्हते. खेळाडूच्या संगणकावर होते ते चित्रांचे व आवाजांचे सामान. गाव चालविणारी यंत्रणा, प्रत्येकाची गाडी, कमाई, मित्रमंडळी ह्यांची नोंद, हे सारे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर म्हणजे सर्व्हरवर होते. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने खेळ बंद करण्याचे जाहीर केले आणि १४ जुलै २०१५ रोजी तो बंद झाला. पाच वर्षांत थोडे दिवस कमी. त्यानंतर संगणकावरचे ते सामान उघडून काही उपयोग नव्हता. दाराशी ओळख पटवून घेणाराच उरला नव्हता. म्हणजे २००५ चे रॉकपोर्ट आजही खेळता येते आणि २०१० चे येत नाही. धाकटे भावंड आधी गेले. पुढे काही हौशी मंडळींनी चिकाटीने स्वतःचा सर्व्हर लिहून हा खेळ पुन्हा चालता केला, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या परिश्रमांना आमचा नमस्कार. पण त्यांना रस्ते परत आणता आले. त्या पाच वर्षांच्या नोंदी त्यांच्याजवळ नव्हत्याच.

हा एकच प्रकार असता तर आम्ही एवढा कागद खर्ची घातला नसता. २०१४ मध्ये युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' हा शर्यतीचा खेळ काढला. पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून ज्या कंपनीची निर्मितिकेंद्रे चालली, तीच ही कंपनी. अमेरिकेचा सारा भूभाग लहान करून त्यात मांडला होता. खेळ पैसे मोजून घ्यावा लागे, तबकडीवरही मिळे. पण एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेले असणे सक्तीचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि लोकांच्या कपाटांतील तबकड्या निरुपयोगी झाल्या. कॅलिफोर्नियातील खरेदीदारांनी दावा लावला, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे की, ग्राहकांनी खेळ विकत घेतलेला नव्हता, वापरण्याचा परवाना घेतला होता.

डिचोलीच्या वाचकांना हा युक्तिवाद ऐकल्यासारखा वाटेल. १९६१ नंतर मयेची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणाऱ्यांना आपले घर आपले म्हणण्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ झगडावे लागले, आणि त्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. घरादाराची तुलना खेळाशी करणे अप्रस्तुत आहे, हे आम्हांस मान्य आहे. तरीही वहिवाट वेगळी आणि मालकी वेगळी, हा धडा ज्या महालाने इतका सोसून शिकला, त्याने ह्या नव्या परवान्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे.

द क्रूच्या प्रकरणातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ २०२४ मध्ये उभी राहिली. युरोपीय संघापुढे तिने ठेवलेल्या निवेदनावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून, परवाना विकताना 'विक्री' हा शब्द मोघमपणे वापरण्यास आळा घातला. आणि ज्या कंपनीने पहिला क्रू बंद केला, तिनेच २०२५ मध्ये 'द क्रू २' ला इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय जोडून दिली. तांत्रिक अडचणीची सबब किती खरी होती, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा. मधला मार्ग पूर्वीही होता. 'ग्रान तुरिस्मो स्पोर्ट' हा २०१७ चा खेळ बव्हंशी ऑनलाइन शर्यतींसाठीच रचलेला होता. ३१ जानेवारी २०२४ रोजी त्याची ती सेवा थांबली, पण एकट्याने खेळावयाचा भाग चालू राहील अशी तजवीज आधी करण्यात आली. इच्छा असली की वाट निघते.

आपल्याकडे तर बंद करणारा हात नेहमी कंपनीचाच असतो असेही नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाईलवर बंदी घातली, आणि शर्यतीचा नसला तरी गावोगावच्या मुलांचा तो अड्डा एका आदेशाने उठला. बंदीच्या कारणांची चर्चा येथे नको. मुद्दा एवढाच की अड्डा उठला तेव्हा त्याचे टिपण कोणी ठेवले नाही.

गोव्यात दप्तरखान्याची परंपरा जुनी आहे. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु ह्यांच्याकडे दप्तरांची जबाबदारी सोपविण्यात आली, तेथपासून आजच्या पुराभिलेख खात्यापर्यंत ती चालत आली. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ह्याच कागदांतून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला. ते कागद ज्यांनी लिहिले त्यांना त्यांचे मोल ठाऊक नव्हते. जकातीच्या नोंदी, तक्रारी, खर्चाच्या याद्या असेच त्यांचे स्वरूप. छापील पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठविण्याचे बंधन आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने घातले. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तसे काही नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने हे खेळही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याची व्यवस्था केली. मात्र तबकडी जमा करता येते, चालते गाव कसे जमा करणार, हा पेच त्यांनाही सुटलेला नाही. अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवून दिले की २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत.

पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाने किंवा एखाद्या साहित्यसंस्थेने हे काम हाती घ्यावे, असे सुचविण्याचा मोह होतो. पण सर्व्हर जपणे त्यांच्या आवाक्यातले नाही. त्यांच्या आणि आपल्या आवाक्यात आहे ते निराळे : जुने कन्सोल, कॅसेटी, तबकड्या भंगारात न देणे, जे खेळले त्यांच्याकडून, ते आता तिशी-चाळिशीत आहेत तोवर, कोठे खेळलात, कोणाबरोबर, काय बोलत होता, हे लिहवून घेणे, आणि पडद्याची जी चित्रे त्यांनी टिपली असतील त्यांवर तारीख व नावे घालून ठेवणे. मोडी कागदांवर तारीख नसली की आपली काय तारांबळ उडते, ते आपण जाणतोच.

आमच्या परिचयातील डिचोलीच्या एका तरुणाने हे आपणहून केले आहे. वर्ल्ड बंद होण्याच्या आधीच्या आठवड्यांत त्याने आपल्या गाडीची व सोबत्यांच्या गाड्यांची चाळीसेक चित्रे टिपली आणि पुढे ती कागदावर छापून घेतली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने दिवस, रस्ता आणि सोबत्यांची खेळातली नावे आहेत. खरी नावे त्यालाही कधी कळली नाहीत. ती चित्रे घरच्या जुन्या कागदांच्या पेटीत ठेवावीत की नाही, ह्यावर त्याचे वडील आणि तो ह्यांच्यात थोडा वाद झाला, आणि शेवटी ती पेटीत गेली. त्याला ती लॅमिनेट करून घ्यायची होती. आम्ही तसे करू नको म्हणून सांगितले. त्या चिकट प्लॅस्टिकखाली कागद कालांतराने खराब होतो, आणि मग तो सोडविता येत नाही.